घराची पत आणि लेकराचे आरोग्य

डॉक्टरांच्या स्मरणिकेत कर्ज आणि हप्ते यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझे उत्तर असे की, घराची पत ढासळली की तिची झळ घरातल्या सर्वांत लहान जिवापर्यंत पोहोचते. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाळाला नागपूरला हलवायचे ठरते, तेव्हा बापाच्या मनात पहिला विचार पैशाचा येतो. बँकेचे दार बंद असेल तर उरतात सावकार, आईचे मंगळसूत्र किंवा ‘उद्या बघू’ हे शब्द. या ‘उद्या’ची किंमत काय असते, हे आपण सर्व जाणतो.

एके काळी पांढुर्णा आणि सौंसरच्या बाजारपेठेत पत तोंडी चालत असे. अमक्याचा मुलगा एवढ्या ओळखीवर बियाणे आणि किराणा मिळे. आज ती ओळख संगणकात गेली आहे. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, २००५ साली पतमाहिती संस्थांचा कायदा झाला आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व सीआरआयएफ हाय मार्क अशा चार संस्था आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवतात. तिच्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. ७५० च्या पुढचा सामान्यतः चांगला मानला जातो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. आजचे खत नदीत बुडत नाही.

आपल्या भागातली अडचण थोडी निराळी आहे. संत्र्याचा पैसा आंबिया किंवा मृग बहाराच्या हंगामात एकदम येतो; दुचाकीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दारात उभा राहतो. गळ झाली, भाव पडला किंवा घरात आजारपण आले की दोन हप्ते चुकतात. नव्वद दिवस थकबाकी राहिली की असे खाते अनुत्पादित गणले जाते. पीककर्जाला हंगामाचा हिशेब लागू होतो, हप्त्याच्या कर्जाला ती सवलत नाही. शिवाय मित्रासाठी जामीन राहिलेल्याच्या अहवालातही ते कर्ज दिसते. भिडेखातर केलेली सही अशी वर्षानुवर्षे सोबत करते.

मग उपाय काय? कुपोषित बालकाच्या उपचाराची येथे आठवण होते. पोषण पुनर्वसन केंद्रात आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पोटभर खाऊ घातले तर त्याचे हृदय तो भार सोसू शकत नाही. थोडे थोडे, वेळेवर आणि मोजून द्यावे लागते. एका दिवसाच्या वजनावरून आपण निष्कर्षही काढत नाही. वाढीचा आलेख कोणत्या दिशेने चालला आहे, ते पाहतो. पत सावरण्याचा मार्ग असाच आहे. जुने फेडण्यासाठी महागडे नवे कर्ज घेणे म्हणजे उपाशी मुलाला मेजवानी देणे होय.

प्रथम थकलेली बाकी भरावी आणि ‘काही येणे नाही’ असे पत्र बँकेकडून लेखी घ्यावे. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटवले, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचा बँक अधिकारी तो वाचतो. शक्य असेल तेव्हा उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ अशी नोंद करून घ्यावी. क्रेडिट कार्डाच्या मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा. एकाच वेळी पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. संत्र्याचा पैसा हाती येताच पुढच्या सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवावी. यानंतर लागतो तो काळ, आणि त्याला पर्याय नाही.

औषधोपचारापूर्वी निदान हवे. चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची तरतूद २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. फेडलेले कर्ज थकीत दिसणे किंवा नामसाधर्म्याने परक्याचे कर्ज आपल्या माथी येणे, अशा चुका आढळतात. तक्रार केल्यावर तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पैसे घेऊन ‘आठ दिवसांत सिबिल सुधारून देतो’ म्हणणारे मात्र भोंदू वैद्यांच्या पंगतीतले समजावेत. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घेणे विनामूल्य आहे.

या आकड्याचे स्तोम माजवण्यालाही माझा तितकाच विरोध आहे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे वराचा सिबिल स्कोअर कमी निघाल्याने लग्न मोडल्याची बातमी २०२५ च्या फेब्रुवारीत आली होती. हप्ता चुकला एवढेच तो आकडा सांगतो. तो जुगारापायी चुकला की आईच्या शस्त्रक्रियेपायी, याबद्दल तो मुका आहे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना त्याच वर्षी मे महिन्यात बँकांना बजावावे लागले. पूर्वी कर्जच न घेतलेल्या व्यक्तीचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचेही सांगणे आहे. आपल्या गृहिणींनी व नवोदित डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवावे.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्यात इस्पितळे वाढतील, यंत्रे येतील आणि बिलेही वाढतील. अशा वेळी आपल्या व्यवसायबंधूंना माझी नम्र विनंती आहे. खर्चाचा अंदाज दाखल करतानाच स्पष्ट सांगावा. आयुष्मान कार्ड आहे का, हे कर्जाचा विषय निघण्यापूर्वी विचारावे. हप्त्यावर उपचार देणाऱ्या कंपनीचा कागद पुढे सरकवण्याआधी त्यातील व्याज आणि दंड नातेवाइकांना वाचून दाखवावेत. भांबावलेल्या बापाची सही ही समजून केलेली संमती नव्हे, हे वैद्यकीय नीतिशास्त्राने आपल्याला शिकवलेच आहे. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा, असे आपण प्रत्येक मातेला सांगतो. त्याच पिशवीत कर्जफेडीच्या पावत्याही ठेवा, एवढे सांगायला आपल्याला अर्धे मिनिटही लागणार नाही.