रक्ताचा कागद आणि आपली दावण



ऊस विकास अधिकाऱ्याने जनावरांच्या रक्तावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण ज्याच्या रानात ऊस त्याच्या दारात दावण आहेच, आणि वाढ्यावर पोसलेली दावण म्हणजे निम्मी आमच्याच खात्याची. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे, शेतकीचा डिप्लोमावाला. म्हणून चूकही घरचीच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या संकरित गाईने चारा सोडला. रक्त काढून माणसांच्या प्रयोगशाळेत दिले. हिमोग्लोबिन आले ९. शेजारी छापले होते १२ ते १५. झालं! रक्तवाढीची बाटली आणली, चार दिवस पाजली. मग डॉक्टर आले. म्हणाले, "साहेब, हा छापील आकडा बायामाणसांचा. गाईला ८ ते १५ चालतं." त्यांनी अंगावरच्या गोचिडी पाहिल्या, खांद्यापुढची सुजलेली गाठ चाचपली, ताप घेतला. गोचीड ताप होता. गाय वाचली, पण त्या वेतात दूध काही पहिल्यासारखे आले नाही.

उलटही होते. गोचीड तापातून उठलेल्या गाईच्या रक्तात थायलेरियाचा जंतू पुढेही राहतो. चरणाऱ्या, रवंथ करणाऱ्या गाईच्या कागदावर तो दिसला म्हणून महागडे इंजेक्शन टोचायचे कारण नाही.

आता नळीचे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य असते, ते कॅल्शियमलाच धरून ठेवते. त्यातले कॅल्शियम खोटे. त्यासाठी लाल झाकणाची साधी नळी घ्यावी, तीही सलाईन लावण्याआधी. (व्यालेली गाय बसली तर मात्र कागदाची वाट पाहू नका, आधी डॉक्टर.) वाढ्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते, तेव्हा वाढे किती घालता तेही त्यांना सांगा. आणि डिकीत हिंदकळत, उन्हात तापत नेलेले रक्त फुटते, फॉस्फरस फुगून दिसतो. व्यायल्यावर लाल लघवी करणाऱ्या म्हशीत तोच तर कमी आहे का ते पाहायचे असते.

बांधावरच्या झाडाखालची माती आणणाऱ्याला आम्ही परत पाठवतो. रक्ताला तो नियम का नको? प्रत्येक गट ऑफिसात दोन्ही नळ्या ठेवाव्यात, आणि सोबत एक चिठ्ठी: वेत कितवे, व्याली कधी, ताप, दूध, आधी काय टोचले. खर्च किरकोळ आहे. संचालक मंडळापुढे मी हे लेखी ठेवणार आहे.