डोंगरवेडा गृहस्थ

नोव्हेंबर महिना हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. गवत वाढलेल्या कबरी या दिवसांत स्वच्छ होतात, क्रुसांना चुना लागतो, मेणबत्त्या पेटतात. या निमित्ताने घरोघरची माणसे आमच्याशी आपल्या गेलेल्या वडिलांविषयी बोलतात. कोणी सांगतो, वडील शाळेत मास्तर होते. कोणी सांगतो, त्यांनी गावकीत नाव मिळविले. पण कित्येकजण मान खाली घालून एवढेच म्हणतात, "आमचे बाबा साधेच होते. त्यांना शेताचे आणि रानाचे तेवढे वेड. घरात म्हणून त्यांचा पाय ठरत नसे." जणू रानावर प्रेम करणे हा मृत माणसाचा एक दोषच असावा आणि तो आपण हळूच सांगून टाकावा!

वाचकहो, या समजुतीला उत्तर म्हणून आज आम्ही एका गृहस्थाचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत. हे गृहस्थ म्हणजे मराठीतील नामांकित कादंबरीकार गोपाळ नीलकंठ दांडेकर. महाराष्ट्र त्यांना 'गोनीदा' म्हणून ओळखतो; घरची माणसे आणि लहानथोर स्नेही त्यांना 'आप्पा' म्हणत.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. परतवाड्याच्या उत्तरेस मेळघाटाचे डोंगर आहेत आणि त्या डोंगरांत गाविलगड हा जुना किल्ला आहे. अवघ्या तेराव्या वर्षी, स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे अंगात शिरून, या मुलाने शाळा सोडली आणि घरही सोडले. पुढे तो गाडगे महाराजांच्या सहवासात आला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या मनातला केर काढायचा, असा त्या संताचा क्रम. पुढे त्याने नर्मदेची परिक्रमा केली. अमरकंटकापासून भडोचपर्यंत वाहणाऱ्या या १,३१२ किलोमीटर लांबीच्या नदीला उजव्या हाताशी ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, एका तीराने जायचे आणि दुसऱ्या तीराने परतायचे, अशी ही वाट. मिळेल तेथे भाकरी खायची आणि पडवी दिसेल तेथे अंग टाकायचे. याच प्रवासाच्या अनुभवातून १९५७ साली 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली.

अशा फिरस्त्याचे पुढे काय होते, हे आपण गावोगाव पाहतो. ज्याच्या पायाला चक्र, त्याच्या चुलीला विस्तव नाही, अशी त्याची गत होते. घर सोडून गेलेल्या मुलाच्या आईबापांनी ती वर्षे कशी काढली असतील, हे ज्यांच्या घरातून असा मुलगा गेला आहे त्यांना सांगावयास नको. गोनीदांच्या आयुष्यातील विशेष तो हाच, की ज्याने घर सोडले होते त्यानेच पुढे घर मांडले आणि ते प्रेमाने चालविले. स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९४७ साली, त्यांनी लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. पत्नी नीराबाई यांच्यासह त्यांनी पुणे-मुंबई लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड केले. दरमहा ठरलेला पगार नसलेले ते घर. शेतकऱ्याच्या घरात पीक हाती येईपर्यंत जी ओढाताण असते, तीच लेखकाच्याही घरात असते. आमच्या मायबहिणींना ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

संसार मांडला म्हणून डोंगराची ओढ मात्र सुटली नाही. रायगड, राजगड, तोरणा, राजमाची, किती गड आणि किती वेळा! आप्पा पुन्हा पुन्हा गडांवर गेले. राजमाचीवर तर त्यांचा विशेष जीव. लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटर रानवाट तुडविली म्हणजे ही माची येते. श्रीवर्धन आणि मनरंजन असे तिचे दोन बालेकिल्ले; पायथ्याशी उधेवाडी ही लहानशी वस्ती. मुंबई सोडून या माचीवरील आपल्या मातीत परतलेल्या एका म्हाताऱ्याची कथा त्यांनी 'माचीवरला बुधा' या कादंबरीत सांगितली. तुंग किल्ल्याच्या हवालदाराच्या घराण्यावर 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली; ठाकरांच्या जीवनावर 'जैत रे जैत' लिहिली, आणि तिच्यावर १९७७ साली डॉ. जब्बार पटेल यांनी चित्रपट काढला. गोनीदा डोंगरावर केवळ वारा खाण्यास जात नसत. तेथे राहणाऱ्या गरिबाच्या ओट्यावर बसत, त्याची भाषा कानांत साठवीत, त्याचे सुखदुःख आपले मानीत. म्हणून त्यांच्या पुस्तकांतील ठाकर ठाकरासारखा बोलतो आणि मावळा मावळ्यासारखा.

आता मुख्य गोष्ट. हे वेड त्यांनी एकट्यापुरते ठेवले नाही. कन्या वीणा, जामात विजय देव आणि पुढे नाती यांनाही त्यांनी गडांची वाट दाखविली. महाराष्ट्रातील कितीतरी तरुणांना त्यांनीच गडकोटांची गोडी लावली. पडक्या दरवाजाची कमान कशी पाहावी, टाक्यातले पाणी कोठून येते, जुन्या माणसांनी ही जागा का निवडली असेल, हे सोबत चालता चालता सांगणारा बाप किंवा आजोबा ज्या मुलाला लाभतो, त्याची शाळा निराळीच.

साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या 'स्मरणगाथा' या पुस्तकाला १९७६ साली मिळाला. १९८१ साली अकोला येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १ जून १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. हे मान मोठेच. परंतु घरच्यांनी त्यांना कसे जपले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कन्या, जामात आणि नात मृणाल अशा घरच्याच माणसांनी एकत्र बसून त्यांच्या कादंबऱ्या लोकांसमोर मोठ्याने वाचल्या. हा परिपाठ आप्पांच्या हयातीत, १९७५ च्या सुमारास सुरू झाला आणि त्यांच्या मागेही चालू राहिला. वीणाताईंनी वडिलांचे चरित्रही लिहिले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याही हे जग सोडून गेल्या. बापाने लेकीला चालावयास शिकविले, आणि लेकीने बापाचा शब्द गावोगाव पोचविला!

यावर कोणी म्हणेल, "फादर, हे लेखकाचे झाले. आमचा कुणबी माणूस हौसेने रानात जातो काय? पोटासाठी जातो." हे म्हणणे खरे आहे. दुसरेही एक कटू सत्य आम्ही झाकून ठेवणार नाही. 'बाहेर' या नावाखाली कित्येक पुरुष घर चुकवितात. पत्ते, दारू, पारावरच्या रिकाम्या गप्पा. आणि घरी एकटी माउली आजारी मुलाच्या उशाशी बसून राहते. अशा बाहेरपणाची तरफदारी आम्ही करीत नाही. बाहेर जाणारा माणूस घराला टाळण्यासाठी जातो, की घरासाठी काही घेऊन परततो, यावरून त्याची पारख करावी. शेंगांची मूठ असो, पाखराचे पडलेले पीस असो, वा नुसती एखादी हकीकत असो. जो काही आणतो आणि पुढच्या खेपेला लेकराचा हात धरून त्यालाही नेतो, तो खरा गृहस्थ.

आपल्या तामसीच्या शिवारात सध्या कापसाची वेचणी चालू आहे आणि तूर फुलावर आहे. पळस, मोह, तेंदू, साग ही झाडे आपल्या वडीलधाऱ्यांना पानावरून ओळखता येतात. कित्येकांना त्यांची नावे मराठीत, तेलुगूत आणि गोंडीतही ठाऊक आहेत. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात या रीतीने सापडावयाचे नाही. माणूस गेला की तेही त्याच्याबरोबर मातीआड जाते. तिकडे माहूरचा किल्ला आहे, इकडे नेरडीगोंड्याजवळ कडेम नदीवर कुंटाळ्याचा धबधबा आहे. बापाचे बोट धरून ही स्थळे पाहिलेली मुले आपल्या गावात किती निघतील? त्यांच्या हातात मोबाईल मात्र आपणच दिला आहे, आणि मूल बोलत नाही म्हणून तक्रारही आपणच करतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर घरातील एका तरी मुलाला सोबत घेऊन शिवारात जावे. कामाला जुंपण्यासाठी नव्हे, दाखविण्यासाठी. बांधावरील प्रत्येक झाडाचे नाव त्याला सांगावे; ते कोणी लावले, हेही सांगावे. रात्री रोझरी झाल्यावर आजोबांना एखादी जुनी हकीकत विचारावी आणि शाळेत जाणाऱ्या नातवाने ती वहीत उतरून घ्यावी. ज्यांचे वडील निवर्तले आहेत, त्यांनी त्यांच्या आवडीच्या जागेपर्यंत एकदा मुलाबाळांसह चालत जावे. आणि पुढे कोणी वडिलांविषयी विचारले, तर मान खाली न घालता सांगावे, "आमच्या बाबांना रानाचे वेड होते, आणि ते आम्हांलाही सोबत नेत असत."