वीज बाजाराने भामरागडचे देणे मान्य करावे

देशात विजेचा व्यापार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून 2003च्या वीज कायद्याने मान्य केला. त्यानंतर पाच वर्षांनी, जून 2008 मध्ये, इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत मुख्यालय असलेले पॉवर एक्स्चेंज इंडियाही उभे राहिले. आज इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर उद्याच्या विजेचा सौदा होतो, जून 2020 पासून तासाभरात लागणाऱ्या विजेचाही होतो. हरित विजेचा बाजार वेगळा भरतो. 2021 पासून नेपाळ या बाजारातून वीज घेतो, नैसर्गिक वायूसाठी सहयोगी कंपनीचे स्वतंत्र एक्स्चेंज आहे आणि कार्बन प्रमाणपत्रांसाठी आणखी एक कंपनी 2022 मध्ये स्थापन झाली. 2024-25 या आर्थिक वर्षात या एकाच एक्स्चेंजवर सुमारे 121 अब्ज युनिट विजेची उलाढाल झाली. ही वाढ देशाच्या हिताची आहे, कारण एका राज्यात शिल्लक पडलेली वीज दुसऱ्या राज्यातले भारनियमन टाळते. पण नव्या बाजारपेठा शोधत निघालेल्या या व्यवसायाने एका जुन्या देण्याचा हिशेब अजून मांडलेला नाही. विजेच्या व्यापारातून दर युनिटमागे एक लहान वाटा बाजूला काढून तो गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडसारख्या तालुक्यांतल्या वीजपुरवठ्यासाठी राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक व्हावे, असे माझे म्हणणे आहे.

हे देणे का, ते चंद्रपूर आणि गडचिरोलीचा नकाशा समोर ठेवला की लक्षात येते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉट क्षमतेचे आहे. तिथून निघणारी उच्चदाब एकदिश प्रवाहाची वाहिनी साडेसातशे किलोमीटर धावून मुंबईजवळच्या पडघ्याला पोहोचते आणि 1500 मेगावॉट वीज वाहून नेऊ शकते. भद्रावतीजवळच्या जोडकेंद्राने पश्चिमेचे वीज जाळे दक्षिणेला जोडले. ताडाळी आणि वरोऱ्याच्या खासगी प्रकल्पांतून तामिळनाडूपर्यंत वीज गेली आहे. विजेचा देशव्यापी बाजार शक्य झाला तो अशाच वाहिन्यांमुळे. त्यांच्या एका टोकाला कोळशाची धूळ आणि राख झेलणारा हा प्रदेश आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरचे भामरागडही वीजनिर्मितीच्या नकाशातून सुटले नव्हते. इंद्रावतीवर भोपालपट्टणमला आणि गोदावरीवर इचमपल्लीला धरणे बांधायचे ठरले, तेव्हा माडिया-गोंडांची गावे आणि जंगल बुडणार होते. 1980च्या दशकात बाबा आमटे आणि लालश्याम शाह यांच्या साथीने आदिवासींनी विरोध केला आणि ते बेत मागे पडले. म्हणजे इथले पाणी, इथला कोळसा, इथली जमीन कायम हिशेबात धरली गेली. इथला ग्राहक मात्र त्या हिशेबात शेवटच्या ओळीत राहिला.

आजही पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीचा रस्ता तुटतो, जंगलातून आलेल्या वाहिनीवर झाड पडले की लाइनमनला तिथवर पोहोचणेच अवघड होते आणि पाडे दिवसेंदिवस अंधारात राहतात. आरोग्य केंद्रातले लसींचे शीतकपाट, आश्रमशाळेतला पाण्याचा पंप, मोबाइलचा मनोरा सगळे त्या एका वाहिनीवर टांगलेले असते. खुल्या प्रवेशाच्या नियमांनुसार मोठा कारखाना थेट बाजारातून स्वस्त वीज घेऊ शकतो, आणि 2022च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॉटपर्यंत खाली आणली. दोन दिवे आणि एक पंखा वापरणाऱ्या घराला या बाजाराचे दार अर्थातच बंद आहे. दुपारी सौरविजेमुळे बाजारात भाव कोसळतात, सायंकाळी ते युनिटमागे 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतात. या चढउताराचा नफा-तोटा महावितरणच्या खरेदीतून प्रत्येक ग्राहकाच्या बिलापर्यंत येतो, भामरागडच्याही. पुरवठ्याची खात्री मात्र त्या बिलासोबत येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एक्स्चेंजचे काम भाव ठरवण्याचे आहे, तारा ओढण्याचे नाही. वितरणाची जबाबदारी महावितरणची आहे. कायद्याने हे बरोबर आहे आणि ती जबाबदारी महावितरणवरून काढावी असे कोणीच म्हणत नाही. पण जो व्यवसाय सार्वजनिक जाळ्याच्या बळावर वाढतो, त्याने त्या जाळ्याच्या टोकासाठी काही द्यावे, हे तत्त्व देशाने दूरसंचारात केव्हाच स्वीकारले आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के वाटा सार्वत्रिक सेवा निधीत जातो. त्याच निधीतून नक्षलग्रस्त जिल्ह्यांत बीएसएनएलचे मनोरे उभे राहिले. वीजक्षेत्रातही तयार चौकट आहे. वाहिन्यांवर कोंडी झाल्यावर बाजारात जी जादा रक्कम उरते, ती वीज यंत्रणा विकास निधीत जमा होते. आजवर तो निधी मुख्यतः पारेषण यंत्रणेच्या सुरक्षिततेवर खर्च झाला. त्याच्या उद्दिष्टांत दुर्गम तालुक्यांच्या वाहिन्या आणि स्थानिक सौर यंत्रणा घालणे हा नियामक निर्णयाचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप दरवाढीचा. युनिटमागे एक पैसा घेतला तरी 121 अब्ज युनिटांवर वर्षाला 121 कोटी रुपये जमतात. सध्या एक्स्चेंज विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून प्रत्येकी दोन पैशांपर्यंत शुल्क आकारू शकते. बाजारात वीज साधारण चार-पाच रुपयांना जाते, त्यात एक पैसा पाव टक्क्याच्या आसपास बसतो. शिवाय हा पैसा खरेदीदारावरच टाकावा असे नाही, एक्स्चेंजच्या शुल्कातूनही तो घेता येईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जंगलातून मैलोन्‌मैल तार नेऊन मोजक्या घरांना वीज देणे कधीच परवडणार नाही, पैसे ओतले तरी पुढच्या पावसाळ्यात खांब पुन्हा पडतील, असे अभियंते सांगतात आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा निधी केवळ तारांवर खर्च होऊ नये. गावातच सौर पॅनेल, बॅटरी आणि लहान वितरण जाळे उभारले तर मुख्य वाहिनी तुटल्यावरही दवाखाना आणि शाळा चालू राहतील. अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटण्यासाठी परवाना लागत नाही, हे 2003च्या कायद्यातील चौदाव्या कलमातच लिहिले आहे. दुर्गम पाड्यांना पूर्वी दिलेले घरगुती सौर संच बॅटरी संपल्यावर निकामी झाले, याचा धडा हाच की यंत्रणेला मालक हवा, देखभालीचा पैसा हवा आणि गावातला प्रशिक्षित माणूस हवा.

हा मालक कोण, याचे उत्तर गडचिरोलीनेच दिले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये त्या ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. बोली लावणे, करार वाचणे, मजुरी वाटणे आणि नफ्यातून गावनिधी राखणे हे ज्यांना जमते, त्यांना गावाच्या वीजघराचा कारभार पेलणार नाही असे मानण्याला आधार नाही. उलट, दुपारची शिल्लक वीज महावितरणला विकून ग्रामसभा स्वतःच या व्यापारातली एक विक्रेती होऊ शकते.

हे नियम बदलण्याची वेळ आत्ताच आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सर्व एक्स्चेंजच्या बोली एकत्र करून एकच भाव काढण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. बाजाराची रचनाच बदलत असताना शुल्काच्या वाटणीचा फेरविचार करणे सोपे असते, एकदा नवी घडी बसली की कोणीही तिला हात लावू देत नाही. महाराष्ट्र सरकारने आणि विदर्भातल्या खासदारांनी आयोगासमोर युनिटमागे एका पैशाची ही मागणी लेखी मांडावी, आणि गडचिरोलीच्या ग्रामसभांना तिथे म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. देशभर वीज विकणाऱ्या बाजाराला भामरागड तालुक्यातल्या सुमारे 36 हजार माणसांची वीज परवडत नाही, हे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.