आधी जुनं पार्किंग दाखवा!

"ओ भाऊ, गाडी काहाडा न इथून. दुकानात गिऱ्हाईक कसं यीन?"

"मंग कोठी लावू?"

"ते मले काय विचारता?"

परतवाड्यात जयस्तंभ चौकातून कोणत्याही रस्त्याला लागा, हा संवाद कानावर पडतोच. भांडण दोघांचं असतं, गाडीवाल्याचं आणि दुकानदाराचं. दोघंही रस्त्याकडे बोट दाखवतात. ज्या कागदात या भांडणाचं उत्तर आहे तो कागद नगरपरिषदेच्या कपाटात असतो आणि तो पाहायला दोघांपैकी कुणीच जात नाही.

तो कागद म्हणजे इमारतीचा मंजूर नकाशा. व्यापारी संकुल, मंगल कार्यालय, शोरूम, दवाखाना, काहीही बांधायचं असलं तर पार्किंग दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात. किती चटईक्षेत्राला किती कार आणि किती दुचाकींची जागा ठेवायची, याचा तक्ताच तिच्यात आहे. एका कारला अडीच मीटर बाय पाच मीटर, एका दुचाकीला एक बाय दोन. शिवाय ही पार्किंगची जागा एफएसआयमध्ये मोजत नाहीत. म्हणजे मालकाला ती बांधकामाच्या हिशेबाबाहेर मिळते, तुमची-माझी गाडी तिथं उभी राहावी म्हणून. त्याच जागेला पुढं शटर लागलं, गोदाम झालं, मोबाइलचं दुकान झालं, तर मालकाचा फायदा दुहेरी. हिशेबात न धरलेल्या जागेचं भाडंही सुरू आणि गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी सरकारी रस्ता आहेच.

आता पैशांचं बघा. रस्त्यावर नो पार्किंगमध्ये गाडी सापडली तर चलान ५०० रुपयांचं, पुन्हा सापडली तर १,५००. हे चलान तुमच्या मोबाइलवर त्याच दिवशी येतं. तळघरातलं पार्किंग गिळणाऱ्यासाठीही कायदा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस देऊन नगरपरिषद ती जागा पूर्ववत करायला लावू शकते. पण ती नोटीस निघायला कुणीतरी फाइल उघडावी लागते. मॅसेज आपोआप जात नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी की आता दुसरा टप्पा सुरू होतो. लहान-मोठ्या सगळ्याच गावांत तो येतो. संकुल चालायला लागतं, गर्दी वाढते, मग मालक शेजारचा प्लॉट घेतो आणि म्हणतो, पार्किंग वाढवतो. ऐकायला किती छान! रस्ता मोकळा होईल, ट्रॅफिक सुटेल, मालकही चांगला माणूस ठरेल. नगरपरिषदेतही कुणी विरोध करत नाही, कारण पार्किंगला विरोध कोण करणार?

माझं म्हणणं आहे की इथंच थांबवलं पाहिजे. विरोध म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. पहिला प्रश्न एकच: आधीच्या नकाशातलं पार्किंग कुठं आहे? ते जागेवर दाखवा, तिथलं शटर काढा, मग नवं मागा. नगरपरिषदेला अटी घालून परवानगी देता येते. ही अट घातली तर निम्मे विस्तार अर्ज करण्याआधीच गरजेचे राहणार नाहीत असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण पैज लावायला तयार आहे.

"शेजारची जागा माझी, मी तिथं गाड्या उभ्या करतो, त्याला परवानगी कसली?" हा युक्तिवादही तुम्हाला ऐकायला मिळेल. तो चुकीचा आहे. भिंत बांधली तरच विकास, असं कायदा म्हणत नाही. जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणं हासुद्धा त्या कायद्यात विकासच आहे. मोकळ्या प्लॉटवर रोज शंभर गाड्यांचं येणं-जाणं सुरू करणं हा बदल नाही तर काय?

समजा जुनं पार्किंग खरोखर चालू आहे आणि तरी जागा कमी पडते. तेव्हा अर्जाकडे नीट बघावं लागतं. गाड्या किती मावतात हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. त्या कुणाच्या, हा खरा. आपल्या गावात बाजाराला येणारा माणूस कशावर येतो? ॲक्टिवा, स्प्लेंडर, ऑटो, एसटी, किंवा पायी. कॉलेजला जाणारे तुम्ही तर सगळे यातलेच. कारच्या एका जागेचं क्षेत्र साडेबारा चौरस मीटर. वळवायची जागा सोडली तर तेवढ्यात सहा दुचाकी बसतात. तरी विस्ताराचा नकाशा आला की त्यात बहुतेक चौकोन कारचेच असतात, कारण नकाशा काढणारा, काढून घेणारा आणि मंजूर करणारा असे तिघंही कारने येतात. दुचाकींना मग उरलेला कोपरा, तोही ट्रान्सफॉर्मरशेजारचा. त्या कोपऱ्यात कुणी लावत नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर, आणि चलान पुन्हा तुम्हाला.

मग गेट. पार्किंग वाढलं की गेट वाढतं, आणि ते उघडतं मुख्य रस्त्यावर. परतवाडा इंग्रजांच्या छावणीच्या आधारानं वाढलं. आज अमरावतीकडून येणारी, बैतूलकडे जाणारी, अंजनगावहून उतरणारी आणि धारणी-चिखलदऱ्याला चढणारी वाहतूक या एका गावातून जाते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्यांची रांग वेगळीच. अशा रस्त्यावर नवं गेट म्हणजे फुटपाथचा आणखी एक तुकडा गेला, आणि एसटीची वाट पाहणाऱ्या मुलींच्या अंगावरून गाड्या आत-बाहेर होणार. बाजूच्या गल्लीतून गेट घेता येईल का, हे अर्ज मंजूर करताना विचारायला पैसा लागत नाही. एकदा रॅम्प ओतला की मग लागतो.

पाण्याचं सगळ्यांनाच माहीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पाऊस कोसळतो तेव्हा मोकळा प्लॉट तो पितो, काँक्रीट पीत नाही. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवीन बांधकाम करताना पावसाचं पाणी जिरवण्याची सोय नियमावलीने बंधनकारक केली आहे. पार्किंगच्या फरशीखालीही ती करता येते. केली का, हे बघायला जुलै महिन्यात फक्त त्या गेटसमोर उभं राहायचं. नाली तुंबून पाणी समोरच्या घरात शिरत असेल तर उत्तर मिळालं.

आणि झाडं. इथं गंमत आहे. साध्या बांधकाम परवानगीसाठी जाहीर सुनावणी घ्यायची तरतूद आपल्याकडे नाही. लोकांच्या हरकती मागवतात त्या शहराचा विकास आराखडा करताना किंवा त्यात फेरबदल करताना. अमेरिकेतल्या बऱ्याच लहान गावांत दुकानाला पार्किंग वाढवायचं असलं तरी नियोजन मंडळापुढं जावं लागतं, आजूबाजूच्या घरमालकांना नोटीस जाते, सभेत कुणीही उठून बोलू शकतो. आपल्याकडे हा सगळा व्यवहार मालक, त्याचा इंजिनिअर आणि मुख्याधिकाऱ्यांचं कार्यालय यांच्यातच संपतो. पण प्लॉटवर झाड असलं तर चित्र बदलतं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे तोडण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे परतवाड्यातल्या एखाद्या कडुनिंबाला जो हक्क आहे तो समोर राहणाऱ्या माणसाला नाही. तर मग कडुनिंबाच्या नावाने का होईना, हरकत लिहा.

दिव्यांग मित्र-मैत्रिणींचा मुद्दाही इथलाच. लोकांच्या वापराच्या इमारतीत प्रवेशद्वाराजवळ, तीस मीटरच्या आत, दोन कारएवढी जागा त्यांच्यासाठी हवी. गावातल्या किती संकुलांत ती रंगवलेली तरी दिसते? तुम्हीच मोजा.

एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतो. परतवाडा आणि अचलपूर ही एकाच अचलपूर नगरपरिषदेत येतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख बारा हजारांवर होती. पण गावाला लागून असलेली कांडली ग्रामपंचायत वेगळी. रस्त्यावर चालताना हद्द कुठं संपली ते कळत नाही, तपासणारं कार्यालय मात्र तिथंच बदलतं. संकुल या बाजूला असेल तर नगरपरिषद, त्या बाजूला असेल तर बहुतांश प्रश्न महसूल आणि नगररचना खात्याकडे. तक्रार घेऊन गेलेल्याला दोन्हीकडून "आमच्यात नाही येत" असं उत्तर मिळू शकतं. म्हणून आधी हद्द बघा, मग अर्ज लिहा.

बाहेर काय झालं तेही थोडं बघू. अहमदाबाद-सुरतेत मॉलवाले पार्किंगचे पैसे घेत होते, त्यामुळे लोक गाड्या रस्त्यावर लावत. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं. जुलै २०१९ मध्ये खंडपीठाने सांगितलं की पार्किंग देणं हे नियमाने तुमचं काम आहे, त्याचे पैसे घेता येणार नाहीत. त्याच वर्षी पुणे महापालिकेनेही मॉलमधली पार्किंग वसुली बंद करण्याची भूमिका घेतली. मुंबईने वेगळी वाट धरली होती. सार्वजनिक वाहनतळ बांधून द्या आणि जादा एफएसआय घ्या, असं बिल्डरांना सांगितलं. वाहनतळ झाले, पण गाड्या रस्त्यावरच. शेवटी २०१९ मध्ये वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर ५,००० पासून २३,००० रुपयांपर्यंत वसुली, इथपर्यंत गोष्ट गेली. जागा वाढवली म्हणून रस्ता मोकळा होत नाही, हे मुंबईने मोठी किंमत मोजून दाखवून दिलं.

याच्या पुढचा विचार कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांचा. २००५ साली त्यांनी फुकट पार्किंगच्या खऱ्या खर्चावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की फुकट पार्किंग असं काही नसतंच, त्याचा खर्च दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो. म्हणजे पायी येणारी मुलगी कार घेऊन येणाऱ्याच्या जागेचं भाडं शर्टाच्या किमतीतून भरते. म्हणून एवढी जागा ठेवाच, ही सक्ती काढा असं ते म्हणत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ती काढलीही. मला त्यांचं पहिलं वाक्य शंभर टक्के पटतं, दुसरं परतवाड्यासाठी पटत नाही. शूप सक्ती काढा म्हणतात तेव्हा रस्त्याच्या कडेच्या जागेची नीट किंमत लावा असंही म्हणतात. आपल्याकडे रस्ता फुकट, फुटपाथ फुकट, नालीवरचा स्लॅबसुद्धा फुकट. इथं सक्ती काढली तर मालकाने आज जे लपूनछपून केलं ते उद्या तो उघडपणे करेल, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, हे नगरसेवकांचं काम आहे, आम्ही काय करणार? बरोबर. पण राज्यातल्या नगरपरिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं तेव्हा कुठं विचारायला माणसं मिळाली. त्यांच्यातल्या किती जणांनी मंजूर नकाशा हातात धरला असेल? तुमच्यात सिव्हिलचे विद्यार्थी आहेत, भूगोलवाले आहेत, ज्यांना दरवर्षी प्रोजेक्टला विषय सापडत नाही तेही आहेत. एका संकुलासमोर सकाळ-संध्याकाळ एकेक तास उभं राहून कार किती, दुचाकी किती, आत किती, रस्त्यावर किती, एवढं मोजलं तरी गावात आज कुणाकडे नसलेली माहिती तुमच्या वहीत येते.

नवीन काम चालू असेल तर साइटवर फलक शोधा. परवानगीचा क्रमांक, तारीख आणि मंजूर नकाशे कुठं पाहायला मिळतील तो पत्ता, हे सगळं त्या फलकावर लिहिणं मालकावर बंधनकारक आहे. फलक नसेल तर तोच पहिला मुद्दा. जुन्या संकुलासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. "पार्किंगची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, उत्तरही मोघम येईल. लिहा: अमुक इमारतीचा मंजूर नकाशा, त्यातला पार्किंगचा तक्ता आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचं प्रत्यक्ष निरीक्षण करायचं आहे, दिवस आणि वेळ कळवावी. निरीक्षणाला जाल तेव्हा मीटर टेप सोबत ठेवा, कारण तिथून थेट तळघरात जायचं आहे. उत्तराची मुदत तीस दिवसांची. आत्ता अर्ज टाकला तर सेमिस्टरच्या परीक्षेआधी नकाशा बघून होतो.