चार्जरआधी विद्युतभार
व्यापारी संकुलाच्या वाहनतळावर विजेवरील गाड्यांसाठी चार्जर बसवताना पहिला प्रश्न इमारतीच्या ‘मंजूर भारा’चा, म्हणजे वीज कंपनीने त्या जोडणीला एका वेळी वापरण्यास मान्यता दिलेल्या कमाल विजेचा असतो. राज्यांना मार्गदर्शक ठरणाऱ्या आदर्श इमारत उपविधींत केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार वाहनक्षमतेच्या २० टक्के प्रमाणात चार्जिंगची सोय अपेक्षित असून, सर्व चार्जर एकाच वेळी चालतील असे धरून येणाऱ्या भाराला सुरक्षिततेसाठी १.२५ ने गुणावे लागते. त्यामुळे १०० गाड्यांच्या तळावर ७.४ किलोवॉटचे २० चार्जर धरले, तर १४८ ऐवजी १८५ किलोवॉटची तरतूद करावी लागते. एवढा वाढीव भार जुन्या रोहित्राला, म्हणजे उच्च दाबाची वीज वापरायोग्य दाबावर आणणाऱ्या उपकरणाला, पेलेलच असे नाही. अशा ठिकाणी उपलब्ध वीज गाड्यांमध्ये गरजेनुसार वाटून देणारी भार-व्यवस्थापन प्रणाली बसवल्यास रोहित्र बदलण्याचा खर्च पुष्कळदा टाळता किंवा लांबवता येतो. नव्या बांधकामात मात्र केबलींसाठी रिकाम्या नळ्या फरसबंदीपूर्वीच टाकून ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण नंतर तळ फोडण्याचा खर्च आणि गाळेधारकांची नाराजी ही दोन्ही मालकाच्याच खाती जमा होतात.