मुक्कामाच्या ड्रायव्हरला भत्ता मिळतो, बाळाच्या मावशीला का नाही?

बाळ सांभाळायला बाई हवी म्हणून ब्यूरोला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "आठ तास, बारा तास की चोवीस तास?" गेल्या पावसाळ्यात पुण्यात, खराडीला लेकीच्या घरी हा फोन झाला तेव्हा मी शेजारीच बसले होते. 8 तासांचे 15,000 रुपये, 12 तासांचे 18,000, 24 तासांचे 22,000. वर ब्यूरोचं कमिशन एका पगाराएवढं, करार 11 महिन्यांचा आणि महिन्याला 2 सुट्ट्या. दर ऐकता ऐकता मी मनात वजाबाकी केली. 12 तासांवरून 24 तासांवर जाताना बाईच्या हाती महिन्याला फक्त 4,000 जास्त पडतात. तिच्या अख्ख्या महिन्याच्या रात्रींची ही किंमत.

माझी सगळी नोकरी एस.टी.त गेली. सातारा विभागातल्या एका आगारात ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावणं हे माझं काम होतं. त्या काळी 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा आम्हाला पाठ असायचा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. सलग 5 तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. मधली विश्रांती धरूनही ड्युटी 12 तासांच्या पलीकडे पसरता कामा नये. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. यात्रेच्या दिवसांत, गणपतीत तास वाढायचे, पण वाढलेला तास कागदावर चढायचा आणि कागदावर चढलेल्या तासाचे पैसे मागता यायचे. माणसाकडून काम घ्यायचं तर आधी त्याचा वेळ मोजायचा, ही सवय माझ्या हाडात मुरलेली आहे. म्हणून ब्यूरोकडून 24 तासांच्या बोलीवर बाळाला सांभाळणाऱ्या मावशी घरी आल्या तशी मी त्यांच्या वेळेची वही घातली.

मावशी हिंगोलीकडच्या. चाळिशीच्या आतबाहेर. मुलगा गावी आजीजवळ राहून आयटीआय करतो. आमचं बाळ तेव्हा 7 महिन्यांचं. लेकीची 26 आठवड्यांची प्रसूती रजा नुकतीच संपली होती. ही 26 आठवड्यांची रजा 2017 च्या दुरुस्तीने मिळाली, त्याआधी 12 च आठवडे होते. ही सुधारणा फार मोलाची आहे. पण रजा संपल्यावर नोकरदार आई ज्या बाईच्या भरवशावर ऑफिसला जाते, तिच्या रजेचं काय, यावर कुठलाच कायदा बोलत नाही.

वहीत काय दिसलं ते सांगते. मावशी सहाला उठत. बाटल्या उकळणं, बाळाचं दूध, शी-शू, मालिश, अंघोळ, नाचणीचं सत्त्व शिजवून भरवणं. भरवायलाच पाऊण तास लागे, कारण निम्मं अंगावर आणि निम्मं जमिनीवर. बाळ पहिली झोप घेई तेव्हा त्याचे कपडे आणि दुपटी धुणं. मग पुन्हा दूध, खेळवणं, मऊ भात, दुपारची झोप. त्या झोपेत मावशींचं जेवण, तेही कान पाळण्याकडे ठेवून. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत फेरी, परत आल्यावर पुसून काढणं, भरवणं, साडेनऊपर्यंत थोपटणं. सकाळी 6 ते रात्री साडेनऊ म्हणजे साडेपंधरा तास. त्यातून त्यांची अंघोळ, जेवण, जरा टेकणं याचे अडीच तास वजा केले तरी 13 तास उरतात. महिन्याच्या 28 दिवसांचे झाले 364 तास. कायद्याच्या कामगाराचे 8 तासांनी 26 दिवस धरले तर 208 होतात. म्हणजे मावशी पावणेदोन माणसांचं काम करत होत्या आणि तासाला त्यांना साठ रुपयांच्या आसपास मिळत होते. यात रात्र मी धरलेलीच नाही.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं. दात येताना बाळ एकला उठे, कधी साडेतीनला, कधी तासाभरात दोनदा. मावशींची गादी पाळण्याशेजारीच घातलेली. बाळ न उठलेल्या रात्रीही त्या गाढ झोपल्या असतील असं मला वाटत नाही. रात्रपाळीच्या नर्सला दुसऱ्या दिवशी झोप मिळते. मावशींचा दिवस सहालाच सुरू होई.

वही लेकीपुढे ठेवली तेव्हा ती म्हणाली, "आई, दुपारी बाळ झोपलं की त्याही बसलेल्याच असतात ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. माझ्या त्या जुन्या कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या अशी होती की कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो वेळ कामाचा. हात चालू आहेत की नाहीत हा प्रश्नच नव्हता. बाळ झोपलेलं असताना मावशी खाली जाऊन भाजी आणू शकत नाहीत, मुलाशी निवांत फोनवर बोलू शकत नाहीत, दार लावून पडू शकत नाहीत. तो वेळ त्यांचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यातही असा हाताशी राहण्याचा वेळ कामाचे तास म्हणून विचारात घ्यायला सांगितलं आहे. शिवाय आठवड्याला सलग 24 तासांची सुट्टी द्यावी आणि त्या सुट्टीत बाईने मालकाच्या घरीच थांबावं अशी सक्ती नसावी, असंही त्यात आहे. भारताने या कराराच्या बाजूने मत दिलं, पण त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही.

दुसरा मुद्दा जावयांनी काढला. राहणं-खाणं आपल्याकडेच आहे, त्याचे पैसे धरले तर पगार कमी नाही. इथे मला मुक्कामाची गाडी आठवते. संध्याकाळी शेवटची एस.टी. गावाला जाते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री त्या गावातच झोपतात. त्या रात्रीचा त्यांना रात्रवस्ती भत्ता मिळतो. झोपायला जागा दिली म्हणून महामंडळ त्यांच्या पगारातून भाडं कापत नाही, कारण ते तिथे गाडीसाठी झोपलेले असतात. मावशीही आमच्या घरी बाळासाठी झोपतात. त्यांचं घर हिंगोलीला आहे आणि सोय आमची होते आहे. ताटातल्या दोन पोळ्या आणि पाळण्याजवळची गादी मजुरीत मोजणं मला साफ नामंजूर आहे. आणि राहायची जागा म्हणायची तर तिला दार हवं, कडी हवी. बाळाच्या खोलीतल्या कॅमेऱ्याखाली झोपणाऱ्या बाईला आपण जागा दिली असं कुणी समजू नये.

मग रास्त पगार किती? आमच्याच सोसायटीत 8 तासांच्या बाईला 15,000 मिळतात, म्हणजे 208 तासांना भागले तर तासाला 72 रुपये. कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर द्यायची कायदेशीर रीत आहे. त्या रीतीने मावशींचे पहिले 208 तास साध्या दराने आणि वरचे 156 तास दुप्पट दराने धरले तर रक्कम 37,500 होते. आपण 22,000 देत होतो. आकडा ऐकून घरात शांतता पसरली. परवडत नाही, असं लेक म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, दोघांचे पगार महिनाअखेरीला संपतात.

पण परवडत नसेल तर तास कमी करावेत, दर पाडू नये. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आगारात ड्रायव्हर कमी असले तर फेरी रद्द होते, एकाच ड्रायव्हरला दिवसरात्र गाडीवर बसवत नाहीत.

आम्ही ड्युटीचा तक्ता केला. सकाळी 7 ते साडेबारा, मध्ये अर्धा तास चहा-नाश्त्याचा. दुपारी 4 ते 7. कामाचे तास 8, पसारा 12 तासांचा. मधले साडेतीन तास मावशींचे, खोलीचं दार लावून झोपायचं की बाहेर जायचं हे त्यांनी ठरवायचं. तेवढा वेळ बाळ माझ्याकडे, आणि लेक घरून काम करते त्या दिवशी तिच्याकडे. सातनंतर आणि रात्री आईबाप, एक रात्र हिने उठायचं, एक रात्र त्याने. कुणी आजारी असलं आणि मावशींना रात्री बोलवायचं झालं तर आधी विचारायचं, रात्रीचे 300 रुपये वेगळे द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दहाला सुरुवात करायची. शनिवारी संध्याकाळी 7 पासून सोमवारी सकाळी 7 पर्यंत सुट्टी. पगार 22,000 तसाच ठेवला. आजारपणाचे आणि गावी जायचे दिवस भरपगारी, खाडे कापायचे नाहीत. काम सोडायचं किंवा सोडवायचं तर दोन्ही बाजूंनी महिनाभर आधी सांगायचं. दिवाळीला एक पगार. हे सगळं मराठीत लिहून दोन प्रतींवर सह्या केल्या, एक प्रत मावशींच्या ट्रंकेत आहे.

सुट्टीचा मुद्दा सोपा गेला नाही. मावशी स्वतःच म्हणाल्या, "आजी, सुट्टी नको, तेवढ्या दिवसाचे पैसे द्या. पोराची फी भरायचीय." ज्या बाईला पैशाची नड आहे ती प्रत्येक सुट्टी विकणार. म्हणूनच सुट्टी विकता येऊ नये असा नियम लागतो. सिंगापूरने 2013 पासून घरकामगारांना साप्ताहिक सुट्टीचा हक्क दिला, पण पैसे देऊन ती सुट्टी विकत घेता येत होती. शेवटी जानेवारी 2023 पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैशांच्या बदल्यात रद्द करता येणार नाही असं तिथल्या सरकारला ठरवावं लागलं. आम्ही मुलाच्या फीसाठी बिनव्याजी उचल दिली, ती हप्त्याने फिटते आहे, आणि सुट्टी सुट्टीच राहिली.

प्रत्येक घरात निवृत्त आजी नसते, हे मला ठाऊक आहे. मधले तास कुणी भरायचे हा प्रश्न खरा आहे आणि तो एकट्या आईबापांवर टाकणं अन्यायाचं आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर द्यायला हवं, हेही 2017 च्या त्याच दुरुस्तीत आहे. तरुण आईबापांनी आपल्या कंपनीत याची लेखी मागणी करावी. पाळणाघराचा खर्च टाळून कंपनी जे वाचवते, ते अखेर मावशींच्या झोपेतून वसूल होतं.

सरकारबद्दलही बोलायला हवं. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 18 ते 60 वयाच्या बायांची नोंदणी होते, काही मदत मिळते. पण पगार किती आणि तास किती, याबद्दल हा कायदा काही ठरवत नाही. कर्नाटकाने त्याआधीच, 2004 मध्ये, घरकामाला किमान वेतन लागू केलं. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे तपासायला समिती नेमण्याचे आदेश केंद्राला दिले. ती चौकट येईपर्यंत महाराष्ट्राने थांबायचं कारण नाही. मोलकरणींच्या संपाची, संघटनेची परंपरा आपल्याकडची आहे, पुण्यातला 1980 चा संप आणि त्यातून उभी राहिलेली पुणे शहर मोलकरीण संघटना जुन्या पुणेकरांना आठवत असेल. त्या बाया घरोघर जाणाऱ्या होत्या, जिन्यात, नळावर एकमेकींना भेटत, बोलत, दर ठरवत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला भेटायला दुसरी बाईच नसते. ती संप कुणाबरोबर करणार? तिच्यासाठी कायदाच हवा. घरकामाला किमान वेतन, आणि राहून काम करणाऱ्यांसाठी त्यात वेगळं कलम: कामाचे तास, रात्रीच्या कामाचा वेगळा दर, आठवड्याला सलग 24 तासांची सुट्टी. आणि ब्यूरोंची नोंदणी.

कायदा होईल तेव्हा होईल. तुमच्या घरी बाळाजवळ राहणारी बाई असेल तर आठवडाभर तिच्या वेळेची वही ठेवा, तास मोजा आणि तिच्यासमोर बसून तक्ता करा. तिची कल्याण मंडळात नोंदणी नसेल तर अर्जाला लागणारा तुमचा दाखला लिहून द्या आणि कामगार कार्यालयात जायला तिला एक दिवस भरपगारी सोडा.