पहिली कात्री हिशेबावर

मैत्रिणींनो, आधी कबुली देऊन टाकते. तालुक्याच्या गावी गृहभेटीला जाताना एसटीत कानाला हेडफोन लावून मी इंग्रजी प्रेमकादंबऱ्या ऐकते. त्याही आजच्या नव्हेत, रीजन्सी काळातल्या. तिसऱ्या जॉर्ज राजाला वेड लागले म्हणून १८११ ते १८२० या वर्षांत त्याच्या मुलाने त्याच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहिला, तो हा काळ. जेन ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या याच वर्षांत प्रसिद्ध झाल्या. पुढे विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर या लेखिकेने त्या काळावर एकामागून एक कादंबऱ्या लिहून 'रीजन्सी रोमान्स' हा प्रकारच रूढ केला. शेजारच्या सीटवरच्या सहकारी मैत्रिणीने एकदा विचारले, "काय ऐकतेस गं एवढं मन लावून?" मी म्हटले, "एक भाषण आहे."

खोटे बोलले, कारण आपल्या वर्तुळात प्रेमकथा म्हटली की नाक मुरडायची रीत आहे. या कथा बायकांना गुंगवून ठेवतात, लग्न हेच बाईच्या आयुष्याचे सार्थक असे शिकवतात, हे मीही शिबिरांतून खडू हातात घेऊन सांगितले आहे. ते सगळेच चूक नाही. पण दिवसभर मारहाण, पोटगी, पळवून नेलेली मुले हेच ऐकलेल्या बाईला परतीच्या दोन तासांत एखाद्या कादंबरीत शिरावेसे वाटले, तर तिने त्याचा जाब कुणाला द्यायचा? क्रिकेटचा सामना पाहणाऱ्या पुरुष कार्यकर्त्याकडे असा वैचारिक खुलासा मागितलेला मी तरी पाहिला नाही.

तेव्हा माझे भांडण ऐकण्याशी नाही. भांडण आहे ते कात्रीशी.

मी सुरुवातीला ऐकल्या त्या बहुतेक संक्षिप्त आवृत्त्या होत्या. पूर्वी ध्वनिपुस्तके कॅसेटवर यायची. दोन कॅसेटमध्ये तीनेक तास मावायचे आणि बारा-तेरा तासांची कादंबरी तेवढ्यात कोंबायची म्हणजे कापणे आलेच. आता मोबाइलमध्ये अख्खे ग्रंथालय मावते, तरी कापण्याची सवय गेलेली नाही. कारण सांगतात ते असे, की ऐकणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, वेळ नसतो. बायकांना वेळ नसतो हे खरेच. पण काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे कोण ठरवते?

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' घ्या. १८११ साली ती आली तेव्हा लेखिकेचे नावही छापले नव्हते, नुसते 'एका बाईची' एवढेच. तिचे दुसरे प्रकरण जवळजवळ संपूर्ण एक सौदा आहे. बाप मरताना मुलाला, म्हणजे जॉनला, सांगून गेला आहे की सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींकडे बघ. जमीनजुमला सगळा जॉनकडे. त्या चौघींना मिळून दहा हजार पौंड तेवढे उरलेले. जॉन मनाशी ठरवतो, बहिणींना प्रत्येकी हजार, म्हणजे एकूण तीन हजार पौंड द्यावेत. मग बायको, फॅनी, बोलू लागते. आपल्या लहानग्याचे नुकसान नाही का होणार? तीन हजारांचे दीड हजार होतात. मग एकरकमी नको, सावत्र आईला वर्षाला शंभर पौंड देऊ. पण असे वर्षासन लागले की माणसे चिवट होतात, लवकर मरत नाहीत, अशी फॅनीची खात्री. मग अधूनमधून पन्नास. मग पैसे कशाला, घर शोधायला मदत करू, सामान हलवायला मदत करू, हंगामात मासे आणि शिकार पाठवू. आणि जाता जाता फॅनीचा जीव सासूने नेलेल्या न्याहारीच्या चिनी भांड्यांत अडकतो, कारण ती आपल्यापेक्षा चांगली आहेत! एकाही माणसाने आवाज चढवलेला नाही. सगळे सभ्य, समजूतदार. आणि चार बायका रस्त्यावर येण्याच्या बेतात.

मी ऐकलेल्या एका संक्षिप्त आवृत्तीत हे प्रकरण दोन वाक्यांत उरकले होते. बापाने मदत करायला सांगितले, भावाने केली नाही, बायका लहान घरात राहायला गेल्या. पण पुढे मधली मरियान पावसात टेकडीवरून घसरते, पाय मुरगळतो आणि देखणा विलोबी तिला उचलून घरी आणतो, तो प्रसंग साग्रसंगीत होता. पार्श्वभूमीला पियानोसुद्धा. मग तोच विलोबी पन्नास हजार पौंडांच्या मुलीशी लग्न करतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते, काय बेइमान माणूस! पहिला सौदा ऐकला असता तर कळले असते की हा एकट्या माणसाचा बेइमानपणा नाही, या समाजात लग्न आणि वारसा एकाच वहीत मांडले जात होते. वहीच फाडून टाकल्यावर उरते ती प्रेमकथा. आणि मग आपणच म्हणतो, बघा, नुसती प्रेमकथा.

आमच्या महिन्याच्या बैठकीत मी ते प्रकरण मराठीत सांगितले. (सांगताना मीही थोडे गाळलेच असणार.) मासे पाठवण्यापर्यंत आले तशा बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एकीने विचारले, "म्हणजे हक्कसोडीच्या वेळी आम्हाला साडी घेतात, तसंच ना?" १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. साडी मात्र अजून चालूच आहे.

हेयरबाईंचे प्रकरण जरा अवघड आहे. त्यांची 'सिल्व्हेस्टर' (१९५७) मी आधी संक्षिप्त ऐकली, मग पुस्तक मिळवून वाचली. त्यात नायक ड्यूक आहे. त्याच्या वारलेल्या जुळ्या भावाने मृत्युपत्रात लहानग्या एडमंडचा पालक म्हणून ड्यूकलाच नेमले आहे. मुलाची आई इयान्थी जिवंत आहे, तिला पुन्हा लग्न करायचे आहे. ड्यूक म्हणतो, तू खुशाल जा, मुलगा इथेच राहील. ती मुलाला घेऊन फ्रान्सला पळते. ऐकताना मला ती निव्वळ उथळ बाई वाटली, मी चक्क हसले. पुस्तकातही लेखिका तिच्या बाजूची नाहीच, ते कबूल करायला हवे. पण पूर्ण पुस्तकात लेखिकेशी भांडायला जागा तरी असते. वाचता वाचता एका ठिकाणी मी थांबले: अगं, ही तर माझी केस आहे! १६६० च्या इंग्रजी कायद्याने बापाला मुभा दिली होती की मृत्युपत्राने मुलाचा पालक हवा तो नेमावा, आईला डावलूनसुद्धा. कॅरोलाइन नॉर्टन या बाईने स्वतःची मुले हिरावली गेल्यावर झुंज दिली, तेव्हा कुठे १८३९ साली सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा कोर्टात मागण्याची सोय आयांना मिळाली. आपल्याकडे १९५६ चा कायदा हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचे नाव घेतो आणि 'त्याच्यानंतर' आईचे. त्या 'नंतर'चा अर्थ बाप मेल्यावरच असा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साली सांगावे लागले.

पण कात्रीवर एवढे तोंडसुख घेताना माझ्याच हातातल्या कात्रीबद्दल बोलले पाहिजे. एमएसडब्ल्यू करून मी एका सल्ला केंद्रात लागले, तेव्हा केसचा सारांश एका पानात लिहायचा असा दंडक होता. एक बाई आली. तिने शिवणकाम करून अकरा वर्षे घराचे हप्ते भरले होते, घर नवऱ्याच्या नावावर. लाल पुठ्ठ्याच्या वहीत तारीखवार आकडे होते. ते तिने मला तास-दीड तास वाचून दाखवले. मी सारांशात तिचे रडणे लिहिले, नवऱ्याचे दारू पिणे लिहिले, 'अजूनही पतीविषयी प्रेम' असेही लिहिले. आणि त्या वहीबद्दल लिहिले, 'किरकोळ आर्थिक वाद'. तीन वर्षांनी प्रकरण कोर्टात गेले, तोवर वही नवऱ्याने बंबात घातलेली. वकिलाने केंद्राची फाइल मागवली. फाइलमध्ये ते तीन शब्द होते.

तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "ताई, मी तर सगळं सांगितलं होतं."

आता सारांश लिहिताना मी आकडे आधी लिहिते. प्रेमाला जागा उरली तर उरली. आणि ऐकायचेच तर ऑस्टिन पूर्ण ऐकते. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेल्या तिच्या सगळ्या कादंबऱ्या फुकट मिळतात, वाचणाऱ्यांचे उच्चार कधी कधी धडपडतात तेवढे चालवून घ्यावे लागते. इंग्रजी कानाला जड जात असेल अशांसाठी पुढच्या बैठकीत 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली शार्लट सांगणार आहे. सत्तावीस वर्षांची, पैसा नाही, रूप नाही. ज्या माणसाला तिच्या मैत्रिणीने नकार दिला, त्याच्याशी ती डोळे उघडे ठेवून लग्न करते. एका संक्षिप्त आवृत्तीत ती मला सापडलीच नव्हती.